व्हॉलीबॉलमध्ये बोटांनी सेट द्यायला शिकताना: हातांच्या आधी पाय

व्हॉलीबॉलच्या मैदानावर नवा आलेला जवळपास प्रत्येक जण आधी स्मॅश शिकवा म्हणतो. टाळ्या तिथेच पडतात, त्यामुळे त्याचं काही चुकत नाही. पण स्मॅशरला तो चेंडू नेटच्या वर, मारता येईल अशा उंचीवर आणि अंतरावर कुणीतरी आणून दिलेला असतो. त्याला कुणी सेटर म्हणतं, कुणी लिफ्टर, कुणी बूस्टर. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हा असं वेगळं काम कुणाकडे नव्हतं. एकाने चेंडू उंच द्यायचा आणि दुसऱ्याने वरून मारायचा, ही पद्धत १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये रुजली. आज एका संघाच्या तीन स्पर्शांतला मधला स्पर्श, म्हणजे सेट, हाच सगळ्यांत नाजूक मानला जातो.

उंची कमी आहे म्हणून सेटर व्हायला कचरत असाल तर जपानची योशिए ताकेशिता आठवा. उंची १५९ सेंटीमीटर. २००६ च्या जागतिक स्पर्धेत ती सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने कांस्यपदक मिळवलं. दुसऱ्या टोकाला इटलीचा सिमोने जानेल्ली, उंची जवळपास २ मीटर, २०२२ च्या जागतिक स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. दोघांच्या उंचीत हातभर फरक, पण चेंडूखाली पोचण्याची घाई आणि पोचल्यावरची स्थिरता दोघांकडेही सारखीच दिसते.

या लेखाचा सगळा रोख तिथेच आहे. नवखा खेळाडू सेट चुकला की बोटांकडे बघतो. माझ्या मते दहापैकी सात-आठ वेळा चूक बोटांत नसते. तो उशिरा पोचलेला असतो, पळता पळता चेंडूला हात लावतो आणि बोटांना नसती कसरत करावी लागते. तरीही शिकण्याची सुरुवात हातांपासूनच करू, कारण हाताचा आकार पक्का नसेल तर पायांनी वेळेवर पोचूनही उपयोग नाही.

आधी चेंडू तपासा

नियमाप्रमाणे चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटीमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम आणि आतला दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असावा लागतो. पंपाच्या भाषेत हा दाब साधारण ४.३ ते ४.६ पीएसआय होतो. आपल्याकडे चेंडूत हवा बहुतेक वेळा सायकलच्या नाहीतर पंक्चरच्या दुकानात भरली जाते. तिथला मीटर टायरसाठी असतो, चार-पाच पीएसआय त्यावर धड दिसतही नाहीत, आणि चेंडू दगड होऊन परत येतो. अशा चेंडूने सेट शिकणाऱ्याची बोटं दुखतात, दुखली की तो बोटं आखडतो, आणि आखडलेल्या बोटांनी सेट कधीच बसत नाही. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू किंचित आत जायला हवा. जात नसेल तर पिन घालून थोडी हवा सोडा. लहान मुलांसाठी दुकानात हलके, मऊ आवरणाचे चेंडू मिळतात. पहिला महिना ते वापरायला मोठ्यांनीही लाजू नये.

नखं कापा, अंगठ्या काढून ठेवा. मनगटातला दोरा किंवा कडंही काढलेलं बरं.

पहिली पायरी: हाताचा साचा

चेंडू जमिनीवर ठेवा. समोर उकिडवे बसा आणि दोन्ही हात वरून चेंडूवर ठेवा. मध्यम आकाराचं कलिंगड उचलताना हात जसे आपोआप गोल होतात, तसेच. आता चेंडू त्याच पकडीत उचलून कपाळाच्या वर, थोडा पुढे आणा. हात बदलू नका, फक्त कोपरं आणि मनगटं वळू द्या. कपाळापासून चेंडूचं अंतर साधारण अर्धी वीत ठेवा. मग जोडीदाराला चेंडू वरून अलगद काढून घ्यायला सांगा. हवेत उरलेला हातांचा आकार म्हणजे तुमचा साचा.

त्या साच्याकडे नीट बघा. दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या मिळून मधे एक त्रिकोणी खिडकी दिसेल. अंगठ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली नकोत, दोन-तीन बोटांचं अंतर राहू द्या. अंगठे तुमच्या डोळ्यांकडे किंवा भुवयांकडे रोखलेले असावेत. पुढे, चेंडूकडे रोखलेला अंगठा ही सगळ्यांत महाग चूक आहे, कारण चेंडू थेट त्याच्या टोकावर आदळतो आणि अंगठा मागे मोडतो. बाकीची बोटं पसरलेली, पण ताठ नाहीत. मनगटं मागे वाकलेली, इतकी की कपाळावर आडव्या सुरकुत्या दिसाव्यात तशा मनगटाच्या मागच्या बाजूला घड्या पडतील. कोपरं खांद्यांच्या थोडी बाहेर आणि पुढे. कोपरं कानांना चिकटली तर हात अरुंद होतात, आणि पंखांसारखी अगदी बाहेर गेली तर अंगठे खाली वळतात.

कोणतं बोट काय करतं हे एकदा समजून घ्या. चेंडूचा भार मुख्यतः अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट घेतात. अनामिका आणि करंगळी बाजूने टेकतात आणि चेंडू कुठे चाललाय ते सांगतात. चेंडू बोटांच्या पेरांच्या मऊ भागाला लागतो, तळहाताला नाही. तळहात लागला की ‘फट्’ असा आवाज येतो. चांगल्या सेटचा आवाज जवळपास येतच नाही, त्यामुळे सराव करताना गाणी बंद ठेवून कान उघडे ठेवा.

आमच्याकडच्या खेड्यांत बरीच मुलं आधी शूटिंग बॉल खेळलेली असतात. तिथे चेंडू जोरात मारायचा असतो, हातात घ्यायचा नसतो, त्यामुळे त्यांच्या हातांना उघड्या बोटांचा साचा सुरुवातीला परका वाटतो. अशा मुलांना या पहिल्या पायरीवर दुप्पट वेळ द्यावा लागतो. मात्र चेंडू कुठे पडणार हे ओळखण्यात ती इतरांच्या पुढे असतात, आणि पुढच्या पायरीला तो फायदा मोठा ठरतो.

दुसरी पायरी: आधी झेला, मग सोडा

इथेच बहुतेक लोक घाई करतात. चेंडू हातात आला की तो लगेच ढकलायचा असतो, असं त्यांना वाटतं. पहिले काही दिवस ढकलू नका. जोडीदाराने तीन-चार मीटरवरून हळू, उंच चेंडू टाकावा आणि तुम्ही तो सेटच्या साच्यातच झेलावा. झेलल्यावर तसेच थांबा. चेंडू कपाळासमोर आहे का? अंगठे मागे रोखलेले आहेत का? वजन दोन्ही पायांवर आहे का? चेंडू छातीपाशी झेलला गेला असेल तर तुम्ही त्याच्या खाली पोचला नव्हता. कानाच्या बाजूला झेलला गेला असेल तर तुम्ही त्याच्या रेषेत नव्हता.

हा कंटाळवाणा सराव आहे आणि तोच सर्वांत उपयोगी आहे. भिंतीवर तासन्तास चेंडू आपटणारी मुलं पुष्कळ दिसतात. माझं मत असं की झेलण्याचा सराव न करता भिंतीकडे गेलं तर चुकीचा हात वेगाने पक्का होतो, आणि पक्का झालेला चुकीचा हात सुटता सुटत नाही.

झेलणं जमू लागलं की झेल छोटा करत न्या. आधी दोन सेकंद धरून मग गुडघे आणि कोपरं सरळ करत वर सोडा. मग एक सेकंद. मग चेंडू हातात आल्याचं जाणवेपर्यंतच, आणि सोडला. शेवटी तो धरल्यासारखा वाटणारही नाही. हा बदल आठवड्यात होईल की महिन्यात, याची चिंता करू नका. वयानुसार आणि हाताच्या ताकदीनुसार प्रत्येकाचा वेग वेगळा असतो.

तिसरी पायरी: पाय

चेंडू समोरच्याच्या हातातून सुटला की तुमचे पाय हलले पाहिजेत. तो वर चढत असताना धावून घ्या. धावताना हात खाली, अंगाजवळ, साधे धावताना असतात तसे. हात वर करून धावणारा हळू धावतो. चेंडू आपल्या सर्वांत उंच जागी पोचला की तुम्ही त्याच्या खाली पोचलेले आणि हात कपाळापाशी आलेले असावेत. मग तो खाली येईपर्यंत तुम्ही वाट बघता. सेटरच्या खेळातला हा वाट बघण्याचा अर्धा सेकंद सोन्याचा. तो मिळवण्यासाठीच सगळी धावपळ करायची.

थांबताना डावा पाय आधी, मग उजवा, आणि उजवा पाय थोडा पुढे. याला कारण आहे. सेटर साधारणपणे नेटजवळ, नेट उजव्या हाताला ठेवून, डाव्या टोकाकडे तोंड करून उभा राहतो. उजवा पाय पुढे असला की कंबर किंचित आपल्या कोर्टकडे वळते. मग सेट थोडा चुकला तरी चेंडू आपल्याच बाजूला राहतो, नेटपलीकडे विरोधी ब्लॉकरच्या, म्हणजे नेटवर हात उंचावून फटका अडवणाऱ्याच्या, हातात जाऊन पडत नाही. डावखुऱ्यांसाठीही पाय तेच, कारण नेट कुठे आहे यावरून ते ठरतात.

पोचल्यावर नाक, नाभी आणि पायाची बोटं, सगळं ज्या दिशेला चेंडू द्यायचा त्या दिशेला. अंग एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे, हे मोठ्या सेटरांना शोभतं. नवख्याने तसं केलं की एक हात दुसऱ्याच्या आधी लागतो आणि डबल, म्हणजे चेंडू लागोपाठ दोनदा लागल्याचा फाउल, होतो.

पाय बसवण्यासाठी एक साधा सराव. जोडीदार चेंडू मुद्दाम दोन पावलं डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे टाकेल. तुम्ही चेंडूला हात लावायचाच नाही. त्याच्या खाली जाऊन थांबायचं, हात मागे घ्यायचे आणि चेंडू कपाळावर पडू द्यायचा. हलका चेंडू घ्या म्हणजे लागणार नाही. चेंडू कपाळावर पडला तर पाय बरोबर. नाकावर पडला तर तुम्ही जरा मागे राहिलात, आणि समोर जमिनीवर पडला तर फारच मागे राहिलात. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो. मोठे मात्र आजूबाजूला कुणी बघत नाही ना, याची खात्री करून मगच खेळतात.

चौथी पायरी: स्पर्श आणि जोर

‘बोटं मऊ ठेव’ ही सूचना प्रत्येक मैदानावर ऐकू येते. ती अर्धीच बरोबर आहे. बोटं मऊ ठेवायला सांगितलं की मुलं चेंडू हातात खोल येऊ देतात, तो छातीपर्यंत खाली येतो, आणि मग तो वर फेकावा लागतो. पंच त्याला होल्ड, म्हणजे चेंडू धरल्याचा फाउल, देतात. बोटं पसरलेली आणि तयार हवीत, चेंडू आला की किंचित मागे जाऊन लगेच पुढे येणारी. मनगटांचा मागे जाण्याचा पल्ला फार छोटा असतो. एवढ्या जोराचा चेंडू एवढ्याशा हालचालीने कसा जाईल, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर पायांत आहे.

चेंडू हाताला लागायच्या क्षणी गुडघे थोडे वाकलेले असतात आणि त्याच क्षणी ते सरळ होऊ लागतात. पायांचा जोर कमरेतून, खांद्यांतून कोपरांपर्यंत येतो. कोपरं सरळ होतात, शेवटी मनगटं. हा क्रम जुळला की सहा-सात मीटर लांब सेट द्यायलाही हात दुखत नाहीत. पाय आधीच सरळ झाले आणि हात मागून आले, तर सगळा भार मनगटांवर येतो. हा क्रम अंगात भिनवायला पाठीच्या टेकूची साधी खुर्ची घ्या. खुर्चीवर बसा, जोडीदार समोरून चेंडू टाकेल, आणि तुम्ही उठता उठता सेट द्या. उठणं आणि हात सरळ होणं एकाच वेळी संपलं पाहिजे.

फक्त हातांचा सराव हवा असेल तर पाठीवर झोपून कपाळाच्या वर चेंडू उडवा, मीटरभर उंच, आणि पुन्हा बोटांवर घ्या. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरलं की घरच्या घरी करायला हा सराव उत्तम. पंखा बंद करून.

चेंडू सुटल्यावर हात चेंडूच्या मागे लक्ष्याकडे जाऊ द्या, दोन्ही सारखे लांब, आणि क्षणभर तसेच राहू द्या. सेट झाल्या झाल्या हात झटकन खाली ओढणाऱ्यांचा चेंडू आखूड पडतो. हात वर ठेवून बघितलं की एक हात पुढे गेलाय आणि एक मागे राहिलाय, हे लगेच दिसतं. मोबाइलवर समोरून आणि बाजूने दोन छोटे व्हिडिओ काढले तर सरांनी शंभरदा सांगितलेली गोष्ट एकदा पाहून कळते.

चेंडू काय सांगतो

सुटलेला चेंडू न फिरता गेला, तर दोन्ही हातांनी सारखं काम केलं असं समजा. तो बाजूला फिरत गेला, तर एक हात आधी किंवा जास्त लागलाय. वळण डावीकडे असेल तर बहुतेक वेळा दोष उजव्या हाताकडे असतो, कारण उजवखुरे लोक नकळत उजव्याने जास्त ढकलतात. यावर उपाय म्हणून थोडा वेळ डावा हात मुख्य समजून सेट द्या. मेंदूला फसवण्याची ही युक्ती बऱ्याचदा चालते. चेंडू मागे फिरत गेला, म्हणजे बोटं त्याच्या खालून पुढे सरकली, मागून ढकललं गेलं नाही. अशा वेळी चेंडू जरा उंच घ्या, कपाळाच्या वर.

नेहमी चेंडू पुढे जाण्याऐवजी फक्त वर जात असेल तर तुम्ही त्याच्या फारच खाली शिरलेले असता. तो नेटला चिकटून जात असेल तर खांदे नेटकडे वळलेले असतात. आणि हाताला लागून घसरत असेल तर आधी चेंडू पुसा. धुळीने किंवा घामाने भरलेल्या चेंडूचा दोष स्वतःच्या हातांना देऊ नका. कमरेला एक छोटा रुमाल खोचून ठेवावा.

डबल, होल्ड आणि पंचांचं बोट

नियम दोनच गोष्टी बघतो. चेंडू धरला किंवा फेकला नाही ना, आणि एकाच खेळाडूला तो लागोपाठ दोनदा लागला नाही ना. पंचांनी दोन बोटं वर केली तर डबल. तळहात वर ठेवून हात सावकाश उचलला तर होल्ड.

यात एक सवलत आहे. संघाचा पहिला स्पर्श, म्हणजे सर्व्हिस घेताना किंवा विरोधकांचा फटका अडवताना, एकाच हालचालीत चेंडू दोन हातांना मागेपुढे लागला तरी चालतो. फक्त धरायचा नाही. दुसऱ्या स्पर्शाला, म्हणजे सेटला, ही सवलत नाही. अमेरिकेतल्या एनसीएए महिला कॉलेज व्हॉलीबॉलने मात्र २०२४ च्या हंगामापासून दुसऱ्या स्पर्शाला, चेंडू आपल्याच बाजूला राहत असेल तर, एका हालचालीतला डबलही चालवून घेतला आहे. तिथले व्हिडिओ बघून आपल्या स्पर्धेत तसे सेट दिले तर शिट्टी पडेल.

चेंडू फिरला म्हणजे डबल झालाच, असं बरेच जण मानतात, प्रेक्षक तर हमखास. नियमात फिरण्याचा उल्लेख नाही. पंचांनी बघायचं असतं ते हाताला चेंडू लागण्याच्या क्षणाकडे. तरीही जत्रेतल्या किंवा गणेशोत्सवातल्या स्पर्धेत फिरणाऱ्या चेंडूवर शिट्टी वाजते, ही वस्तुस्थिती आहे. तिथे पंचांशी वाद घालण्यापेक्षा सरळ चेंडू देणं शिकावं, कारण ते वादाहून लवकर जमतं.

गोव्यात किंवा कोकणात वाळूवर बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. तिथे डबलकडे पंच जास्त बारकाईने बघतात. बोटांनी दिलेला चेंडू नेटपलीकडे पाठवायचा असेल तर तो खांद्यांच्या रेषेला काटकोनातच जावा लागतो. म्हणून वाळूवर नवख्यांनी दोन्ही मनगटं जोडून अंडरहँडने सेट द्यायला लाजू नये. तसं तर इनडोअरमध्येही पास वाईट आला, चेंडू कमरेपाशी आला, तर अंडरहँडच बरा. छातीवर आलेला चेंडू बोटांनी उचलण्याचा हट्ट म्हणजे होल्डला आमंत्रण.

भिंत आणि जोडीदार

आता भिंतीकडे जा. भिंतीवर ३ मीटरच्या आसपास उंचीवर खडूने एक मोठा चौकोन काढा आणि दीड-दोन मीटर लांब उभे राहा. चौकोनाच्या आत चेंडू मारा आणि परत आलेला चेंडू कपाळासमोर घ्या. अगदी जवळ उभं राहून वेगाने टपटप करण्याचा सराव नंतरचा. त्यात मनगटाची सवय लागते, पाय झोपतात.

जोडीदाराबरोबर आधी ३ मीटर, मग ५, मग ७. लांब गेलात आणि चेंडू सपाट येऊ लागला तर पुन्हा जवळ या, लांबी म्हणजे प्रगती नव्हे. मग प्रत्येक सेटनंतर जमिनीला हात लावून परत उभे राहा, म्हणजे पाय जागे राहतात. तिघे असाल तर त्रिकोण करा, एकाकडून घ्या, वळा, दुसऱ्याला द्या. वळणं चेंडू हातात येण्याआधी संपलं पाहिजे, हातात असताना नाही. खेळासारखा सराव इथूनच सुरू होतो. बास्केटबॉलचं मैदान जवळ असेल तर त्याची रिंग लक्ष्य म्हणून फार छान. रिंगमध्ये वरून पडणारा चेंडू म्हणजे नेमका हवा तेवढा उंच चेंडू.

कोर्टवर पहिला खरा सेट

कोर्ट १८ बाय ९ मीटर. नेट पुरुषांसाठी २.४३, महिलांसाठी २.२४ मीटर उंच. सेटरची जागा नेटजवळ, २ आणि ३ नंबरच्या मधे (नेटकडे तोंड केलं की पुढच्या ओळीतल्या जागा उजवीकडून २, ३, ४), उजव्या कडेपासून अडीच-तीन मीटरवर, नेटपासून हातभर लांब. नव्या सेटरने एकच सेट पक्का करावा, ४ नंबरच्या डाव्या स्मॅशरला दिलेला उंच सेट. चेंडू नेटच्या जवळपास दुप्पट उंचीपर्यंत जावा आणि डाव्या अँटेनाच्या, म्हणजे नेटच्या कडेला लावलेल्या उभ्या काठीच्या, आत, नेटपासून पाऊण ते एक मीटर मागे खाली यावा. नेटला चिकटलेला सेट दिसायला धारदार असतो, पण समोरचा ब्लॉकर तो हाताने दाबून टाकतो. जरा मागे पडलेल्या सेटवर स्मॅशर काहीतरी करू शकतो. शंका आली तर मागे आणि उंच द्या.

स्मॅशरला विचारा, कसा हवा? कुणाला थोडा बाहेर लागतो, कुणाला आत. सेट दिल्यावर तिथेच उभं राहून कौतुक करत बसू नका. लगेच स्मॅशरच्या मागे जाऊन वाका, कारण ब्लॉक लागून आलेला चेंडू तिथेच पडतो.

पुढच्या टप्प्यावर मागचा सेट, म्हणजे पाठीमागे २ नंबरला. त्यासाठी हात, कपाळ, चेंडूची जागा, सगळं पुढच्या सेटसारखंच ठेवा. फक्त चेंडू सोडताना कंबर पुढे आणि छाती वर करा, म्हणजे हात आपोआप मागे वळतात. डोकं आधीच मागे टाकलं तर समोरचा ब्लॉकर ते वाचतो. उडी मारून सेट देण्याची घाई नको. जमिनीवरून दिलेले उंच सेट पावसा-वाऱ्यातही एका जागी पडू लागले की उडीला हात घाला. तेव्हा एकच भर पडते: चेंडू उडीच्या सर्वांत उंच क्षणी हातात यायला हवा, चढताना किंवा उतरताना नव्हे.

आणखी एक नियम नव्या संघांना फार उशिरा कळतो. लिबेरोने, म्हणजे वेगळ्या रंगाचा शर्ट घालणाऱ्या, फक्त बचावासाठीच्या खेळाडूने, पुढच्या ३ मीटरच्या पट्ट्यात उभं राहून बोटांनी सेट दिला, तर तो चेंडू नेटच्या वर असताना कुणाला मारता येत नाही. लिबेरोने तिथे अंडरहँड द्यावा, किंवा रेषेच्या मागून बोटांनी.

बोट लचकलं तर

सेट शिकताना बोट कधी ना कधी चेंडूवर आपटतं. आपल्या मैदानावर कुणीतरी दादा लगेच पुढे येतो आणि बोट ओढून ‘बसवतो’. ओढू देऊ नका. आत हाड तुटलं असेल किंवा शीर सुटली असेल तर ओढण्याने नुकसान वाढतं. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा, आणि ते बोट शेजारच्या बोटाला टेपने बांधा. बोटाचं टोक खाली झुकलंय आणि स्वतःहून सरळ होत नाही, बोट वाकडं दिसतंय, बधिर झालंय किंवा दुसऱ्या दिवशीही मुठीत येत नाही, यातलं काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा. टोक झुकण्याच्या दुखापतीत बोट सहा ते आठ आठवडे सलग पट्टीत सरळ ठेवावं लागतं, आणि मधे एकदाही वाकलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्या काळात पायांचा सराव मात्र चालू ठेवता येतो. चेंडूखाली धावत जाऊन कपाळावर घ्यायचा तोच खेळ, हात मागे बांधून.